रेव्हरंड गॉर्डन हॉल यांची शेवटची वाट

मुंबईहून नाशिकास जावयाचे म्हणजे आज कोणासही मोठेसे वाटत नाही. आगगाडीत बसले की डुलकी लागता लागता कसाऱ्याचा घाट चढून जातो आणि चार तासांच्या सुमारास मनुष्य नाशिक रोडास उतरतो. पिंपरीच्या संत तुकाराम नगराकडील लोक चाकण, नारायणगाव, संगमनेर या वाटेने निघाले तर पाच-सहा तासांत पोहोचतात, आणि वाटेत गाडी थोडी खोळंबली तर कुरकुर करितात. वाचकहो, तीच मजल मार्च महिन्याच्या उन्हात करून परत येताना एका आडवाटेच्या गावी देह ठेवणारे रेव्हरंड गॉर्डन हॉल यांचे नाव आपल्या मंडळ्यांत सर्वांनी ऐकले आहे. परंतु ते इतक्या दूर का गेले, कसे गेले आणि कसे मेले हे नीटपणे फार थोड्यांस ठाऊक असते. म्हणून त्यांचा वृत्तांत आम्ही येथे देत आहो.

हॉलसाहेबांचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात टॉलंड या गावी ८ एप्रिल १७८४ रोजी झाला. घर शेतकऱ्याचे. थोरपणी ते विल्यम्स कॉलेजात शिकावयास गेले व १८०८ साली तेथून पदवी घेऊन बाहेर पडले. याच कॉलेजातील काही तरुणांनी १८०६ साली वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून परदेशी सुवार्ता नेण्याविषयी प्रार्थना केली होती. त्यांतील सॅम्युएल मिल्स यांचा व हॉलसाहेबांचा पुढे स्नेह जडला. त्या काळी अमेरिकेतून परदेशी मिशनरी पाठविणारी एकही संस्था नव्हती. अमेरिकन बोर्ड स्थापन झाले ते १८१० साली. हॉलसाहेबांस कनेक्टिकट प्रांतातील वुडबरी येथील मंडळीने पाळक होण्यास बोलाविले होते. चांगली मंडळी, चांगली पोटगी, माणसे आपल्याच भाषेची. त्यांनी ते नाकारिले.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम शहरी पाच तरुणांस दीक्षा देण्यात आली: जडसन, न्यूएल, नॉट, राइस व हॉल. दीक्षेपूर्वी हॉल व न्यूएल यांनी फिलाडेल्फिया येथे काही काळ वैद्यकीचा अभ्यासही केला होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. त्याच महिन्यात दोन गलबते निघाली. हॉल, नॉट व राइस हे हार्मनी नामक गलबतावर होते, व ऑगस्टात ते कलकत्त्यास लागले. सहा महिने पाण्यावर काढून जमिनीस पाय लागतात तोच कंपनी सरकारचा हुकूम हाती आला की येथे राहू नये, विलायतेस चालते व्हावे. कंपनीस मिशनरी नकोत हे एक कारण. दुसरे असे की जून १८१२ मध्ये अमेरिका व इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपले होते, आणि हे तर शत्रूच्या देशाचे लोक ठरले. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. न्यूएल यांची तरुण पत्नी हॅरिएट मॉरिशस बेटात मरण पावली. हॉल व नॉट यांनी मुंबईची वाट धरली व ११ फेब्रुवारी १८१३ रोजी ते तेथे उतरले. मराठी लोकांमध्ये अमेरिकन मिशनचा आरंभ या दिवसापासून धरितात.

मुंबईतही तोच हुकूम मागे लागला. गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे मनाने चांगले गृहस्थ होते, परंतु वरून आज्ञा आली की या दोघांस विलायतेस रवाना करावे. तेव्हा नोव्हेंबर १८१३ मध्ये दोघेही किनाऱ्याने चालणाऱ्या एका देशी गलबतावर गुपचूप चढले व कोचीनपर्यंत गेले. बेत असा की पुढे सिलोन गाठावे. पण सरकारने त्यांस तेथे गाठले व जहाजावर घालून मुंबईस परत आणिले. या पळून जाण्याविषयी कोणी त्यांस दोष दिला, कोणी शाबासकी दिली. आमच्या मते ते योग्य होते की नव्हते याचा निकाल घाईने करू नये. त्यांनी स्वतःही हे छपवून ठेविले नाही, तर का गेलो हे गव्हर्नरास स्पष्ट लिहून कळविले. हॉलसाहेबांचे ते पत्र नम्र असूनही कडक होते. त्यात त्यांनी सत्ताधाऱ्यास त्याच्या वरच्या धन्याची आठवण करून दिली. शेवटी, १८१३ च्या नव्या सनदेने मिशनऱ्यांस हिंदुस्थानात येण्याचा मार्ग थोडासा मोकळा झाला, व या दोघांस राहू देण्यात आले. नॉटसाहेब आजारामुळे १८१५ साली मायदेशी परतले. न्यूएलसाहेब १८१४ साली मुंबईस येऊन मिळाले होते.

येथून पुढची बारा-तेरा वर्षे हॉलसाहेब मुंबईतच राबले. त्यांचे काम दिसावयास अगदी साधे होते. सकाळ-संध्याकाळ पायी निघावे, बाजारात, विहिरीपाशी, देवळाच्या आवारात जेथे चार माणसे उभी असतील तेथे बोलावे. मराठी शिकण्यास तेव्हा साधन फार थोडे. केरीसाहेबांनी श्रीरामपूर येथून १८०५ साली छापलेले व्याकरण व १८१० साली छापलेला कोश. मोल्सवर्थसाहेबांचा मोठा कोश १८३१ साली निघाला, तो पाहावयास हॉलसाहेब जिवंत नव्हते. म्हणून भाषा शिकावयाची ती माणसांच्या तोंडून. जो मनुष्य बाजारात भाषा शिकतो त्याच्या बोलण्यात बाजाराचा जिवंतपणा राहतो, आणि आमच्या उपदेशकांस हे वेगळे सांगावयास नको.

कलकत्त्याहून आणिलेल्या खिळ्यांनी मुंबईत मिशनचा छापखाना सुरू झाला व मार्च १८१७ मध्ये त्यावर पहिली आठ पानांची पुस्तिका निघाली, तिच्या दीड हजार प्रती काढिल्या. शाळा उघडल्या; त्यांत पंतोजी बहुधा हिंदूच असत, कारण दुसरे कोठून आणावे? १८२३ साली उपासनामंदिर झाले. १८२४ साली मुलींची शाळा झाली. आणि इतके करून पदरी किती लोक आले? १८१९ साली हैदराबादकडील कादर यार खान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाचा बाप्तिस्मा झाला. त्याखेरीज सांगण्याजोगे फारसे नाही. ज्या उपदेशकास वर्षातून एकही कुटुंब येऊन मिळाले नाही म्हणून अहवाल लिहिताना लाज वाटते, त्याने हा आकडा पाहावा.

तरी हॉलसाहेबांचे मन मुंबईपुरते नव्हते. न्यूएलसाहेबांच्या जोडीने त्यांनी साठ कोटी लोकांचा हक्क या अर्थाच्या नावाचे एक लहान पुस्तक लिहिले. ते १८१८ साली अमेरिकेत छापले गेले व तेथील मंडळ्यांत पुष्कळ वाचले गेले. याच १८१८ साली पेशवाई बुडाली आणि घाटावरचा सारा मुलूख कंपनीच्या अंमलाखाली गेला. आजवर जो देश केवळ लांबून दिसत होता, त्याची वाट आता मोकळी झाली. पण वाट मोकळी होणे वेगळे आणि चालावयास माणूस असणे वेगळे. न्यूएलसाहेब ३० मे १८२१ रोजी पटकीने वारले. ठाण्याचे निकोल्ससाहेब १८२४ साली गेले. फ्रॉस्टसाहेब नवे आले, ते १८२५ च्या ऑक्टोबरात गेले. कबरी वाढत गेल्या आणि माणसे दोन-तीन उरली.

हॉलसाहेबांचे लग्न मुंबईतच १८१६ च्या डिसेंबरात मार्गारेट लुइस नावाच्या एका इंग्रज बाईंशी झाले होते. मुलांची प्रकृती या हवेत टिकेना. १८२५ साली दोन मुलगे जगावेत म्हणून बाईंनी त्यांस घेऊन अमेरिकेस जावे असे ठरले. सोबत्यांनी हॉलसाहेबांसही आग्रह केला की आपणही जा, बारा वर्षे झाली, थोडा विसावा घ्या. ते गेले नाहीत. आम्ही येथे थांबून वाचकांस विचारितो की हे योग्य झाले काय? आमच्यापैकी कित्येकांस वाटेल की बापाची जागा आजारी मुलांपाशी होती. तसे वाटणे काही वाईट नाही. हॉलसाहेबांपुढे दोन्ही पारडी होती. एका पारड्यात पोटची मुले आणि दुसऱ्यात छापखान्यावर अर्धे झालेले नव्या कराराचे भाषांतर व ते तपासणारे दोन-तीनच लोक. त्यांनी पत्नीला व मुलांना बंदरावर निरोप दिला. दोघा मुलांपैकी एक समुद्रावरच मरण पावला.

मग १८२६ सालचा मार्च आला. आता ज्या प्रवासासाठी हा लेख लिहिला तो सांगू.

२ मार्च रोजी हॉलसाहेब मुंबईहून निघाले. बरोबर दोन ख्रिस्ती मुलगे, वाटण्यासाठी पुस्तके, थोडी औषधे, अंथरावयास चटई. जावयाचे नाशिक व त्र्यंबक येथे. कारण उघड आहे: गोदावरीच्या या दोन क्षेत्रांत साऱ्या देशातून यात्रेकरू येतात, आणि तेथे एकाच्या हाती दिलेले पुस्तक शंभर कोसांवरच्या गावी जाऊन पोहोचते. मुंबईपासून नाशिक शंभर मैलांहून अधिक. आगगाडी तर दूरच. मुंबई-ठाणे ही पहिली गाडी १८५३ साली धावली आणि थळ घाटातून रूळ गेले ते १८६५ साली. भोर घाटातील नामांकित गाडीरस्ता देखील १८३० साली झाला. नाशिकचा वेगळा जिल्हा नव्हता. ते नगर जिल्ह्यात मोडे, व वेगळा जिल्हा झाला तो १८६९ साली.

ज्यांनी मार्चात कोकणपट्टीतून घाट चढला आहे त्यांस त्या वाटेचे वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. खाली दमट उकाडा, अंगास कपडा चिकटलेला. वर चढून गेले की कोरडे ऊन व पायाखाली तापलेला कातळ. आणि रात्री त्याच पठारावर अशी गार हवा सुटते की घोंगडीवाचून झोप येत नाही. पळस फुललेले असतात, पण पळसाला सावली नसते. ओढे आटत चाललेले, आणि जेथे डबके उरले तेथेच गुरे, तेथेच माणसे, तेथेच धुणे. या शेवटल्या गोष्टीकडे वाचकांनी लक्ष द्यावे, कारण हॉलसाहेबांच्या मृत्यूचे मूळ तीत आहे.

ते नाशिकास पोहोचले तो तेथे पटकीचा हाहाकार चालला होता. हा रोग बंगाल्यात १८१७ साली उसळला, १८१८ साली मुंबईस आला, आणि त्यानंतर सैन्याच्या, व्यापाऱ्यांच्या व यात्रेकरूंच्या पावलांबरोबर साऱ्या देशात फिरत राहिला. हॉलसाहेब पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या एका नगरात दोनशेंहून अधिक माणसे मेली असे त्या वेळच्या वृत्तांतात आहे. गावोगावी तेव्हा लोक मरीआईचा गाडा शिवेबाहेर ओढून नेत. पुढच्या गावचे लोक तो आणखी पुढे लोटीत. ही वेडेपणाची गोष्ट म्हणून हसू नये. आपले घर वाचावे व संकट दुसऱ्याच्या दारी जावे ही इच्छा सर्व जातींत व सर्व धर्मांत सारखीच असते.

पटकी कशाने होते हे त्या काळी जगात कोणासही ठाऊक नव्हते, मोठ्या डॉक्टरांसही नाही. बिघडलेली हवा हे कारण सांगत. जर्मन डॉक्टर कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यातील रोग्यांत व तळ्याच्या पाण्यात तिचा जंतू दाखविला. रोग्याच्या मळाचा अंश पाण्यात मिसळतो व ते पाणी दुसऱ्याच्या पोटात जाते, हे मूळ. जंतू आतड्यात असे विष सोडतो की शरीरातील पाणी व क्षार जुलाब-वांत्यांवाटे भराभर निघून जातात आणि धडधाकट माणूस काही तासांत सुकून मरतो. साखर व मीठ योग्य मापाने मिसळलेले स्वच्छ पाणी घोट घोट पाजीत राहिले तर बहुतेक रोगी वाचतात. १९७१ साली बंगालच्या सीमेवरील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ते मोठ्या प्रमाणावर करून दाखविले. फार अशक्त झालेल्यास शिरेतून पाणी द्यावे लागते. १८२६ साली यांतले काहीच नव्हते. हॉलसाहेब वैद्यकी थोडी जाणत होते. जी औषधे त्यांच्यापाशी होती ती त्यांस चांगली वाटत होती, आणि ती त्यांनी नाशिकच्या रोग्यांस वाटली. रोग्यांत बसावे, औषध द्यावे, पुस्तक द्यावे, प्रभूविषयी सांगावे, असे त्यांचे ते दिवस गेले. पुस्तके संपत आली, औषधेही जवळजवळ संपली, तेव्हा १८ मार्चच्या सुमारास त्यांनी परतीची वाट धरली.

१९ तारखेस रात्री दहाच्या सुमारास ते तिघे एका गावी पोहोचले. जुन्या इंग्रजी कागदांत त्याचे नाव दुरली-धापूर असे लिहिलेले आहे. गावात ओळख कोणाची नाही. देवळाच्या ओसरीवर चटई पसरून हॉलसाहेब आडवे झाले. पण वारा गार लागू लागला म्हणून आडोशास आत गेले. आत दोघे रोगी पडलेले होते. त्यांपैकी एकाचे प्राण गेलेले. तेथेच त्यांनी उरलेली रात्र काढली. एवढ्या रात्री दुसरीकडे जावयाचे तरी कोठे?

पहाटे चारच्या सुमारास पुढच्या मजलीची तयारी करीत असता त्यांस एकाएकी रोगाने गाठले व ते जमिनीवर कोसळले. मुलांनी त्यांस उचलून पुन्हा चटईवर निजविले. उरलेसुरले औषध घेतले ते पोटात राहिले नाही. दुसरे कोठून आणावे? जे होते ते नाशिकास वाटून झाले होते. काही वाचकांच्या मनात येईल की स्वतःपुरते थोडे राखावयास हवे होते. आज आपणांस ठाऊक आहे की त्या काळच्या औषधांनी पटकीचा रोगी क्वचितच वाचे. तेव्हा राखून ठेवले असते तरी बहुधा तेच झाले असते.

आपण यातून उठत नाही हे त्यांनी मुलांस शांतपणे सांगितले. आपले घड्याळ, कपडे व इतर सामान कोणास द्यावे, देह कसा पुरावा, मुंबईस निरोप काय न्यावा हे सर्व समजावून दिले. जवळ जमलेल्या गावकऱ्यांस ते उपदेश करीत राहिले. समुद्रापलीकडे गेलेल्या पत्नीसाठी व लेकरांसाठी, सोबत्यांसाठी आणि या देशाच्या लोकांसाठी त्यांनी प्रार्थना केली. आठ तास असे गेले. २० मार्च १८२६ रोजी दुपारच्या सुमारास, तीन वेळा देवाचे गौरव उच्चारून, त्यांनी प्राण सोडला. बेचाळीस वर्षे पुरी व्हावयास एकोणीस दिवस उरले होते.

आता त्या दोन मुलांकडे पाहावे. अनोळखी गाव, रोगाची दहशत, परक्या देशाच्या व परक्या धर्माच्या माणसाचे प्रेत. पटकीने मेलेल्यास हात लावण्यास सख्खे नातलगही तेव्हा धजत नसत. जागा मिळणे कठीण, खणावयास माणूस मिळणे कठीण. त्या पोरांनी विनवण्या करून जागा मिळविली, खड्डा तयार केला, आणि पेटी नाही म्हणून पांघरुणातच गुंडाळून आपल्या गुरूस मातीस दिले. मग सांगितलेला निरोप घेऊन, तीच तापलेली वाट तुडवीत, ते दोघे मुंबईस गेले. हॉलसाहेबांच्या शेवटच्या तासांविषयी जे जे आज आपणांस ठाऊक आहे ते या दोघांनी सांगितले म्हणून ठाऊक आहे. हे वाचताना आम्हांस नाशिकजवळच्या शरणपूर येथील शाळेत शिकलेल्या आफ्रिकी मुलांची आठवण होते. १८७३ साली लिव्हिंगस्टन साहेब आफ्रिकेच्या अरण्यात वारले तेव्हा ज्यांनी त्यांचा देह शेकडो कोस वाहून समुद्रकिनारी आणिला, त्यांत याच शाळेचा जेकब वेनराइट होता. १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टन साहेबांस मूठमाती दिली तेव्हाही तो हजर होता. मोठ्या माणसांची चरित्रे छापली जातात. त्यांची प्रेते कोणी वाहिली हे बहुधा एका ओळीत आटोपते.

मुंबईत बातमी पोहोचली तेव्हा ग्रेव्हजसाहेब व छापखान्याचे गॅरेटसाहेब यांच्यावरच सर्व भार पडला. तरी ज्या नव्या करारासाठी हॉलसाहेब मागे राहिले होते, तो त्याच १८२६ साली मराठीत छापून पुरा झाला. श्रीरामपूरकरांचा १८११ चा नवा करार मोडी लिपीत होता. हा बालबोध लिपीत, आणि मुंबई-कोकण-देशावरच्या लोकांस समजेल अशा भाषेत. घाटावर कायमचे ठाणे पडण्यास आणखी पाच वर्षे लागली: १८३१ च्या डिसेंबरात ग्रेव्हज, हर्वे व रीड हे अहमदनगरास गेले, त्यांच्याबरोबर बाबाजी हे ब्राह्मण ख्रिस्ती बंधू होते. पुढच्याच मे महिन्यात हर्वेसाहेबांस पटकीनेच नेले. नाशिकात १८३२ साली चर्च मिशनचे फरारसाहेब येऊन राहिले. ज्या शहरात हॉलसाहेब थोडेच दिवस राहिले, तेथे त्यानंतर सुवार्तेचा आवाज बंद पडला नाही.

समुद्रप्रवासातून जो मुलगा वाचला त्याचे नाव बापाचेच, गॉर्डन. तो शिकून मोठा झाला व मॅसॅच्युसेट्समध्ये नॉर्थॅम्प्टन शहरी पुष्कळ वर्षे पाळक होता. आणि आडगावातील त्या कबरीवर पुढे मिशनच्या लोकांनी जाऊन दगड बसविला.